पाटी लावणे सक्तीचे आहे

२०१३चा कंपनी कायदा संसदेने केला असं सांगतात. पण त्याचा मसुदा सदाशिव पेठेतल्या कुणीतरी लिहून दिला असणार, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. इतका संशय, इतक्या सूचना आणि वर दिवसाच्या हिशेबाने दंड, हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

कलम १२ घ्या. कंपनीच्या ऑफिसबाहेर नाव-पत्त्याची पाटी हवी आणि ती त्या भागातल्या लोकांच्या लिपीतही हवी. नसेल तर दिवसाला हजार रुपये, एक लाखापर्यंत. आता पुण्यात पाटी लावा म्हणून कायद्याने सांगायचं? आमच्या भाच्याने मित्राबरोबर प्रायव्हेट लिमिटेड काढायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी पाटीच तयार झाली. धंदा कसला, ते नंतर ठरलं. नावाखाली ‘विनाकारण चौकशी करू नये’ अशी ओळही आहे. कायदा ती मागत नाही, पण नकोही म्हणत नाही.

घोडं अडलं ते नावावर. नाव मंजूर होतं हरियाणात, मानेसरला. पुण्याच्या रजिस्ट्रारचं ऑफिस आकुर्डीला, म्हणजे पेठेतल्या माणसाच्या हिशेबाने तेच परगावी. त्यात हे मानेसर! एका अर्जात दोन नावं सुचवता येतात. आधीच्या कुठल्या कंपनीशी मिळतीजुळती निघाली की दोन्ही परत. एकवचनाचं अनेकवचन करून भागत नाही, स्पेलिंग फिरवूनही नाही. भाच्याची दोन्ही परत आली. पाटीवाल्याने आगाऊ घेतलेले पैसे मात्र परत आले नाहीत. पुढच्या खेपेला नाव मिळालं, पण ते वीस दिवसांपुरतंच राखीव. तेवढ्यात उरलेले कागद.

कागदांत पत्त्याचा पुरावा. दोन महिन्यांच्या आतलं लाइट बिल आणि मालकाची एनओसी. पत्ता आमच्या कोथरूडच्या फ्लॅटचा. वडील जाऊन तप उलटलं, पण बिल अजून त्यांच्याच नावाने येतं आणि मुदतीच्या आत भरलंही जातं. सीए म्हणाले, “बिलावर ज्यांचं नाव आहे, त्यांची एनओसी लागेल.” आई म्हणाली, “पितृपक्ष येतोच आहे, तेव्हा मागू.”

मित्राशी पुढे भांडण नको म्हणून आम्ही एकट्याची कंपनी सुचवून पाहिली. तीही सोय या कायद्यात आहे. पण तिथे आपल्यामागे कोण, त्याचं नाव त्याच्या लेखी संमतीसह आधीच द्यावं लागतं. जिवंतपणीच तेराव्याची तयारी! भाच्याने मित्रच पत्करला. किमान एक लाख भांडवलाची अट २०१५ साली गेली, हे ऐकून दोघांचाही हुरूप वाढला होता. सीएंनी फी सांगेपर्यंत टिकला.

तर कंपनी झाली. आता २०२२च्या नियमाची वाट पाहतोय. पत्ता खरा की खोटा असा संशय आला, तर रजिस्ट्रार स्वतः येऊन बघू शकतात, फोटो काढतात, आणि त्या वेळी त्याच भागातले दोन स्वतंत्र साक्षीदार हजर लागतात. स्वतंत्र साक्षीदारांना आमच्याकडे तोटा नाही. पार्किंगच्या वादापासून अख्खी बी विंग आमच्याशी बोलत नाही. सेक्रेटरींचं म्हणणं एवढंच, की साहेब गाडी घेऊन येणार असतील तर पाहुण्यांच्या पार्किंगची पावती कंपनीच्या नावाने फाडायची की सरकारच्या, ते आधी लेखी कळवावं.