अनुदान हमखास मिळवण्याची रीत

सर्वांत आधी शाळेला काय हवंय ते विसरा. तिसरीच्या वर्गात पत्र्यातून पाणी गळतं, हे तुमचं दुखणं झालं गुरुजी, योजना नव्हे. औशाला पंचायत समितीत चक्कर मारून यंदा कशाचा मोसम आहे ते बघून यावं: हात धुण्याचा, परसबागेचा की डिजिटल वर्गाचा. मग गळतीचं बारसं करावं. 'छप्पर दुरुस्ती' फायलीत झोपते. 'पर्जन्यजल संकलनास पूरक छत' टेबलामागून टेबल चालत जातं.

समग्र शिक्षाच्या संयुक्त शाळा अनुदानाला मात्र अर्जापेक्षा पट लागतो. शंभर पोरांना 25 हजार, एकशेएक झाली की 50 हजार. म्हणजे ते शेवटचं पोर एकटंच 25 हजारांचं! त्याचे आईबाप ऊसतोडीला निघाले, तर त्याला आजीपाशी ठेवून घ्या. डबा घरून नेलात तरी परवडेल. आलेल्या रकमेतले किमान 10 टक्के स्वच्छतेला, मग थकलेलं वीजबिल. उरलंच तर खडू. (वीज तोडलेल्या शाळेनं टीव्ही मागू नये. मंजूर होतो.)

कंपन्यांचं निराळं. 2013 च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्याला द्यावे लागतात, म्हणून अर्जात पोरांच्या आधी पाटी येऊ द्या: किती बाय किती, कोणत्या भिंतीवर. किल्लारीच्या भूकंपानंतर देणगीदारांनी आपल्याकडं गावंच्या गावं वसवून दिली. पाटीचं महत्त्व या तालुक्याला कुणी शिकवायला नको.

ठरावावर शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची सही लागते, आणि अध्यक्ष सोयाबीनच्या राशीवर असतात. मळणीयंत्राच्या धुरळ्यात, पोत्यावर कागद ठेवून ते विचारतील, "कुठं करू सही? आन् पत्र्याचं काय झालं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं.

दरपत्रकं तीन हवीत. एकाच दुकानदाराकडून आणलीत तर निदान शाई तरी वेगळी वापरायला सांगा. जावक क्रमांक टाका, पोच घ्या, पोचेची झेरॉक्स घ्या. साहेबांची बदली झाली की तीच तुमची फाईल.

पैसे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आले तर गांगरू नका. उपयोगिता प्रमाणपत्र अर्जासोबतच टाइप करून ठेवायचं असतं. तारीख तेवढी रिकामी सोडा.