आडनाव एक, घर वेगळं

"काऊन जी बाई, त्या झाडूच्या मशिनीचा पाय तुटला तर नवा पाय कुठी भेटते?"

काकू भिंतीवरून बोलतात तेव्हा प्रस्तावना नसते. मी गच्चीवरून उतरवलेल्या वड्यांवर फडकं टाकत होते. मशीन म्हणजे त्यांच्या पुण्याच्या मुलानं गेल्या दिवाळीला आणलेला गोल रोबो, एवढं कळलं. पण पाय?

"अवो, तो नाही का, पोटाखाली गरगर फिरते. तीन दांड्यायचा. दोन वाकल्या अन् एक तर गेलीच."

म्हणजे बाजूचा ब्रश. रोबोच्या पोटाखाली पुढच्या कोपऱ्यात तो बसवलेला असतो. खरं ओढायचं काम मधला जाड रोल आणि हवा करते, पण रोबो गोल आणि आपल्या खोल्या चौकोनी. कोपऱ्यातला, भिंतीकडेचा केर गोल यंत्राच्या तोंडाखाली येणारच नाही. तो ओढून मध्ये आणायचं काम या काडीसारख्या तीन दांड्यांचं. सगळ्या यंत्रात स्वस्त वस्तू तीच, आणि ती गेली की पंधरा-वीस हजारांचं यंत्र फक्त खोलीचा मधला भाग पुसत बसतं.

"तेच तं!" काकू म्हणाल्या. "मधात आरसा अन् भिंतीजवळ कोंडा. सून येईन तं काय म्हनन?"

कोंड्याचं म्हणाल तर ते दिवसच तसे आहेत. मळणी झाली की काकूंच्या लाखनीकडच्या शेतातून वर्षभराचा तांदूळ पोत्यांत येतो, यंदा चिन्नोरही आहे. पोती ओसरीत रचली की तूस, कणी, धूळ सगळ्या घरभर. त्यात कामाची बाई कापणीला गेलेली. भंडाऱ्यात हे दर वर्षीचं; धान कापायला उभं राहिलं की घरकामाच्या बाया शेतावर जातात, तिथे रोजी जास्त पडते, आणि त्यांनी का जाऊ नये? म्हणून तर पोट्ट्यानं यंत्र आणलं. पण पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसून यंत्र निवडणाऱ्याला ओसरीतला कोंडा कुठून दिसणार. जोरात फिरणारा ब्रश तांदळाची कणी आत ओढण्याऐवजी कधीकधी भिरकावतो, ती सोफ्याखाली जाते. वर काकूंच्या देवघराचा उंबरठा चांगला चार बोटं उंच. हे रोबो साधारण दोन सेंटिमीटरपर्यंतचा चढ चढतात; तिथे येऊन तो धडकतो, शेजारच्या पितळेच्या घंगाळाला टक्कर देतो आणि ते घंगाळ असं वाजतं की आमच्या घरात ऐकू येतं. भंडाऱ्याचं पितळ आहे, आवाज खणखणीत.

"भंडाऱ्यात भेटन का पन?"

मिक्सरचं भांडं, कुकरची रिंग, पंख्याचा कंडेन्सर मोठ्या बाजारात मिळतो. हा ब्रश कुणी ठेवत नाही. नागपूरला सीताबर्डीत विचारलं तर दुकानदार फोनवर तेच उघडून दाखवतो जे आपण घरी बसून बघू शकतो. मागवायचा तर घरबसल्याच. आणि तिथेच गोम आहे.

"तुम्हाला समोरच्या वहिनींचं माहीत नाही?" मी विचारलं.

काकूंनी कोपर भिंतीवर नीट टेकवलं. "नाही जी. काय झालं?"

आता समोरच्या वहिनी म्हणजे कशा, ते मी सांगायला नको. फोटो बघून साडी, फोटो बघून पडदे, फोटो बघून जाऊबाईंच्या भाचीचं स्थळसुद्धा. त्यांच्या रोबोचा ब्रश गेला तेव्हा त्यांनी कंपनीचं नाव टाकून शोधलं, पहिल्या चित्रात तीन दांड्या दिसल्या, मागवला. पाकिटावर कंपनीचं नाव, चित्र हुबेहूब. बसवायला गेल्या तर मधलं भोक चौकोनी आणि यंत्राची खुंटी वेगळ्याच आकाराची. परत करायचा की नाही? पण पाकीट फाडून केरात गेलेलं. मग वहिनींनी तो चटकन चिकटणाऱ्या गोंदानं चिकटवला!

"अवो माय!"

हो ना. दोन दिवस फिरला. मग मुलीचे केस दांडीच्या बुडाशी गुंडाळले गेले. एरवी ब्रश काढून कात्रीनं केस कापले की झालं. पण चिकटवलेला ब्रश निघेना, आतली छोटी मोटर अडकून तापली, आणि शेवटी ब्रशापायी मोटर बदलायची पाळी आली. दुरुस्तीवाल्यानं विचारलं म्हणे, "ताई, हे कुणी केलं?" वहिनींनी भाच्याचं नाव सांगितलं.

काकू इतक्या हसल्या की त्यांच्या अंगणातलं मांजर उठून गेलं.

पण खरं सांगायचं तर वहिनींचा सगळा दोष नाही. आपण आडनावावरून सोयरीक जुळवतो: अमुक कंपनी, म्हणजे अमुक कंपनीचा ब्रश. पण या धंद्यात आडनाव एक आणि घर भलतंच. शाओमीचंच घ्या. २०१६ साली त्यांच्या नावानं आलेला पहिला रोबो बनवला रॉकरोबोनं, जी आता रोबोरॉक म्हणून ओळखली जाते. २०२० च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे जो 'मी रोबो व्हॅक्यूम मॉप पी' १७,९९९ रुपयांना आला, लॉकडाऊनमध्ये कामवाली येईना तेव्हा ज्याची घरोघर चर्चा झाली, तो व्हायोमीनं बनवलेला. आणि बाहेरच्या देशांत विकला गेलेला 'वन-सी' हा ड्रीमीचा. पाटी एकच, कारखाने तीन. एकाचा ब्रश दुसऱ्याला लागेल अशी आशा कशाला धरायची? उलटही होतं बरं का. वेगवेगळ्या नावांच्या दोन कंपन्या एकाच कारखान्यातून माल घेतात आणि त्यांचे ब्रश एकमेकांना चपखल बसतात. म्हणून 'दुसऱ्याच कंपनीचा आहे' एवढ्यावरून नाकारायचाही नसतो.

"मंग पाहाचं काय? कुंडली?"

कुंडली यंत्राच्या पोटावर असते. आधी बटण बंद करायचं, नाहीतर उलटा केल्यावर एखादा हातातच चाकं फिरवायला लागतो. जुन्या टॉवेलवर पालथा ठेवायचा. खाली छापील चिकटी असते, तिच्यावर मॉडेलचा क्रमांक. तो नावासारखा गोड नसतो. त्या व्हायोमीवाल्याचा 'एसटीवायटीजे०२वायएम' असा आहे, पाठ करायला जाऊ नका, फोटो काढा. बाजारात नाव चालतं, जुळणी मात्र या क्रमांकावर होते. नावापुढे 'प्रो', 'प्लस', 'मॅक्स' असं शेपूट असेल तर तेही सोडायचं नाही. शेपटागणिक ब्रश बदलू शकतो.

त्याच्यापुढे माझं मत थोडं जुन्या वळणाचं आहे. क्रमांक जुळला तरी मी जुना ब्रश काढून हातात घेते आणि विकणाऱ्यानं दिलेल्या चित्रांत ब्रशाची मागची बाजू शोधते. पुढून सगळे ब्रश सारखेच दिसतात. मागचं भोक कसं आहे ते बघायचं: चौकोनी, एका बाजूनं सपाट गोल, की दात्यांचं. मधोमध स्क्रू येतो की नुसता दाबून 'टक' करून बसतो. मागच्या बाजूचं चित्रच दिलेलं नसेल तर तो विक्रेता सोडून पुढे जायचं, कितीही चांदण्या मिळालेल्या असोत.

दांड्या तीन की पाच हे एवढं महत्त्वाचं नाही, लांबी महत्त्वाची. आखूड असली तर भिंतीला पोचत नाही, लांब असली तर यंत्राच्या कडेला घासून टिकटिक करते. केसांच्या ब्रशाऐवजी आता रबरासारख्या सिलिकोनच्या दांड्याही येतात. त्या वाकून राहत नाहीत, केसही कमी गुंततात. पण बारीक धूळ ओढायला मला केसांचाच बरा वाटतो. काकूंकडच्या कोंड्याला दोन्ही चालतील.

"अन् ज्याले दोन पाय हायत त्याचं?"

हा प्रश्न काकूंना सुचला याचं मला कौतुक वाटलं. ज्या यंत्राला दोन्ही बाजूंना ब्रश असतो त्याचे दोन्ही ब्रश उलटसुलट दिशेनं फिरतात, दोघेही केर मध्येच आणतात. दांड्यांचा कल त्याप्रमाणे. कित्येकांवर 'एल' आणि 'आर' कोरलेलं असतं किंवा रंगाची खूण असते. नुसते दोन डावे मागवले तर एका ब्रशाचा कल उलटा पडतो आणि तो केर नीट ओढत नाही. काकूंना एकच आहे, त्यामुळे ही भानगड नाही.

संचांचा मोहही आवरायचा. चार ब्रश, दोन फिल्टर, तीन पोछे, एक मधला रोल, सगळं एका पिशवीत, किंमत बघून जीव भुलतो. त्यातला ब्रश जुळला आणि फिल्टर अर्ध्या बोटानं मोठा निघाला तर? आधी एक जोडी. बसवल्यावर बोटानं फिरवून बघायचा. डुगडुगता कामा नये, कुठे घासता कामा नये. स्क्रू असेल तर बेताचा आवळायचा, प्लॅस्टिक आहे. आणि वहिनींसारखं पाकीट फाडायचं नाही, कात्रीनं एका कडेनं उघडायचं. परत करायचं झालं तर?

"काऊन, दुरुस्तीवाले तं म्हनते, भाग नाही येत आता. नवीनच घ्या म्हनते."

असं म्हणतात खरं. त्यासाठी ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यावर कंपन्यांनी सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती द्यायची. तक्रार करायची तर १९१५ वर फोन आहे. पण ब्रशासाठी कोण फोन करतं! माझा सल्ला सरळ आहे: जुळलेला ब्रश सापडला की एक जोडी जादा घेऊन ठेवायची, कारण कंपन्यांचंही काही खरं नाही. २००२ साली रुंबा काढून जिनं ही यंत्रं घरोघर पोचवली, ती अमेरिकेतली आयरोबोट कंपनी २०२५ च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली. एवढ्या मोठ्या घराची ही गत, तर छोट्या-छोट्या नावांचं काय घेऊन बसलात.

"पन बाई," काकू जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "त्या मोबाइलात लाल दाखवून राह्यलं. ब्रश बदला म्हनते. खरंच बदलाव लागते का?"

ते लाल म्हणजे तासांचा हिशोब. रोबोरॉकच्या घराण्यातल्या यंत्रांचं ॲप बाजूच्या ब्रशाला २०० तास धरतं, फिल्टरला १५०, मधल्या रोलला ३००. रोज तासभर चालवलं तर ब्रशाचे सहा-साडेसहा महिने झाले. पण ॲपला तास कळतात, झीज कळत नाही. फरशीच्या फ्लॅटमध्ये फिरलेला ब्रश २०० तासांनंतरही ताठ असू शकतो, आणि कोंड्याच्या ओसरीत अर्ध्या वेळात म्हातारा होतो. दांड्या सरळ असतील तर ॲपमधला हिशोब नव्यानं सुरू करून खुशाल वापरायचा. नुसत्या वाकल्या असतील तर ब्रश काढून गरम पाण्यात धरायचा. उकळतं नको, चहाच्या आधणाच्या अलीकडचं. बोटांनी सरळ करून गार होऊ द्यायचा. पुष्कळदा सुधारतो. काकूंची मात्र एक दांडी तुटलीच होती. तिला पाणी काय करणार.

"मले वाटलं पान्यानं निघून जाईन काम," काकू म्हणाल्या. "दोनशे-तीनशे रुपये तेवढेच. बरं, तो फोटो काढून पाठवतो पोट्ट्याले. तोच मोबाइलवरून मागवून देईन."

गेल्या. आतून यंत्र उलटं केल्याचा, मग चष्मा शोधल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा भिंतीवर, चेहरा विजयी. फोटो पाठवला, उत्तरही आलं होतं. फोन माझ्यापुढे धरला. मुलानं लिहिलं होतं: "आई, हा चार्जरचा नंबर आहे."

"ते बी तं त्याच्याच घरचं होय ना!" काकू म्हणाल्या, आणि पुन्हा आत गेल्या.