निंजा, हायाबुसा आणि मागची सीट

स्पोर्ट टूरिंग ही मोटारसायकलींची जात दोन परस्परविरोधी इच्छांच्या तडजोडीतून जन्माला आली आहे. शर्यतीच्या गाडीवर स्वार टाकीवर छाती टेकवून, मनगटांवर देहभार देऊन आणि मान वर उचलून बसतो; लांब पल्ल्याच्या प्रवासी गाडीवर तो ताठ बसतो, समोर वारा अडवणारी काच असते, मागे सामान असते आणि सामानाच्याही आधी मागे एक माणूस असतो. वेगाने जाता यावे आणि पोहोचल्यावर कोणाचा हात न धरता खाली उतरता यावे, या दोन्ही अपेक्षा एकाच चौकटीत बसवण्याचा जो प्रयत्न कारखानदारांनी केला, त्यास स्पोर्ट टूरिंग असे म्हणतात. महाराष्ट्रात या जातीचा ग्राहक बहुधा चाळिशीतील असतो, म्हणजे ज्याचे गृहकर्ज उतरणीला लागले आहे आणि ज्याची कंबर अद्याप पुरती उतरणीला लागलेली नाही असा. या दोन उतरणींच्या मधला काळ अल्प असल्यामुळे त्याला निर्णयाची घाई असते, आणि तरीही तो महिनोन्‌महिने तुलना करीत बसतो.

पुण्यातील अशा ग्राहकापुढे शेवटी ज्या दोन गाड्या उरतात, त्या म्हणजे कावासाकीची निंजा ११००एसएक्स आणि सुझुकीची हायाबुसा. पहिलीच्या जातीबद्दल वाद नाही. दुसरीला स्पोर्ट टूरिंग म्हणावे की नाही यावर जाणकारांत मतभेद आहेत. १९९९ मध्ये ती बाजारात आली तेव्हा तिने ताशी ३०० किलोमीटरची मर्यादा ओलांडली, युरोपात बंदीची भाषा सुरू झाली आणि त्यानंतर कारखानदारांनी आपापसांत समजुतीने २९९ वर थांबण्याचे ठरवले. तथापि तिची लांबरुंद बैठक, भरपूर मोठे इंजिन आणि वजनामुळे येणारा स्थिरपणा पाहून पुष्कळ लोक तिच्यावरून लांबचे प्रवास करतात, व मराठी घरांत या गाडीचा प्रवेश २००४ च्या ‘धूम’ चित्रपटातून आधीच झालेला असल्यामुळे तिची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

कागदावरील तुलना थोडक्यात सांगता येते. निंजाचे इंजिन १०९९ सीसीचे, चार नळकांडी एका ओळीत असलेले, १३६ पीएस शक्तीचे. हायाबुसाचे त्याच मांडणीचे, पण १३४० सीसीचे आणि १९० पीएसचे. पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती. टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, निंजात ११३ न्यूटन मीटर आणि हायाबुसात १५० न्यूटन मीटर आहे. येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. निंजाच्या आधीच्या १०४३ सीसीच्या अवतारात १४२ पीएस होते. म्हणजे इंजिन वाढले आणि शक्ती घटली, कारण कारखान्याने शिखरावरची शक्ती थोडी सोडून तो पीळ इंजिनाच्या कमी फेऱ्यांत मिळेल अशी व्यवस्था केली. रोजच्या रस्त्यावर हे शहाणपणाचे आहे, परंतु ज्याला आपली गाडी मित्रमंडळात आकड्यांनी सांगायची आहे त्याला हे शहाणपण समजावून सांगताना विक्रेत्याच्या कपाळावर घाम येतो. किमतीही सांगितल्या पाहिजेत: निंजा डिसेंबर २०२४ मध्ये १३ लाख ४९ हजारांना आणि सध्याच्या पिढीची हायाबुसा २०२१ मध्ये १६ लाख ४० हजारांना दाखल झाली, दोन्ही एक्स-शोरूम, म्हणजे रस्ताकर, विमा आणि घरच्यांची समजूत यांचा खर्च सोडून.

दोन्ही गाड्यांचे टायर मात्र एकाच मापाचे आहेत. पुढे १२०/७० झेडआर १७, मागे १९०/५० झेडआर १७. यातील झेड हे अक्षर टायर ताशी २४० किलोमीटरच्या पुढील वेगास योग्य असल्याचे सांगते, आर म्हणजे रेडियल. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चार पदरी रस्त्यावर दुचाकीला ताशी ८० किलोमीटरची कमाल मर्यादा आहे. या दोन्ही गाड्या पहिल्याच गिअरमध्ये ८० ओलांडतात, त्यामुळे उरलेले पाच गिअर कायद्याच्या दृष्टीने शोभेचे ठरतात.

टेस्ट राइड, म्हणजे खरेदीपूर्वी शोरूमकडून मिळणारी चालवून पाहण्याची संधी, हे तुलनेचे अधिकृत साधन असले तरी ते सामान्यतः पुढच्या यू-टर्नपर्यंतच पोहोचते. त्या अंतरात क्लच कळतो आणि आपले पाय जमिनीला टेकतात की नाही हे कळते. निंजाची सीट ८३५ मिलिमीटर उंच आणि हायाबुसाची ८०० असल्याने या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेक ग्राहकांच्या बाबतीत वेगवेगळे येते, आणि निंजावर अंगठ्याच्या टोकावर उभा असलेला ग्राहक ‘टेकतात की’ असे म्हणताना आढळतो. म्हणून अनुभवी लोक दुसरी पद्धत वापरतात: या दोन गाड्या बाळगणारे दोन स्नेही शोधून काढायचे, त्यांना गोव्याचे आमिष दाखवायचे आणि वाटेत प्रत्येक थांब्यावर गाड्यांची अदलाबदल करायची.

गोवाच का, याचे उत्तर भूगोलात नसून फलकांवर आहे. महाराष्ट्रातील रुंद, गुळगुळीत आणि मोठ्या वेगासाठी बांधलेले रस्ते दुचाकींना बंद आहेत. २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग बंद. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग बंद. वांद्रे–वरळी सागरी सेतू, मुंबईचा किनारी रस्ता आणि अटल सेतू, सगळे बंद. यामागे सुरक्षिततेचा विचार आहे आणि तो निराधार म्हणता येणार नाही, पण परिणाम असा होतो की राज्यातील अत्यंत शक्तिमान दुचाक्या जुन्या रस्त्यावरून, ट्रकच्या मागे, ‘हॉर्न ओके प्लीज’ वाचत जातात. मुंबईहून पुण्याकडे परतणारी हायाबुसा खंडाळ्याच्या जुन्या घाटात शिंगरोबाच्या देवळापाशी नाणे टाकण्यासाठी थांबते, तेव्हा तिला घाट चढण्यासाठी देवाच्या मदतीची गरज नसते; समोरच्या टँकरला असते, आणि तो चढल्याशिवाय तिलाही चढता येत नाही.

तेव्हा दक्षिणेकडे, पुणे–बंगळुरू महामार्गाने. कात्रजचा बोगदा मागे पडला की खेड-शिवापूरचा टोलनाका येतो आणि ग्राहकाला या प्रवासातील पहिले निर्भेळ सुख मिळते, कारण राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. चार-पाच लाखांची जुनी मोटार रांगेत फास्टॅग वाचला जाण्याची वाट पाहत असताना सोळा लाखांवरची हायाबुसा डाव्या कडेच्या चिंचोळ्या वाटेतून फुकट पलीकडे जाते. आरशांपुरती वाट आहे ना, एवढेच पाहावे लागते. शासन हा हिशेब विसरलेले नाही. ३५० सीसीवरील दुचाकींवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे पुढील सर्व नाक्यांची वसुली शोरूममध्येच उरकलेली असते.

खंबाटकीचा घाट जाताना चढावा लागतो, येताना बोगदा लागतो. चढणीवर अडकलेल्या वाहतुकीत हायाबुसाची हिल होल्ड सोय, म्हणजे ब्रेक सोडला तरी गाडी काही वेळ मागे न घसरू देणारी योजना, फार उपयोगी पडते. तिच्याच शेजारी लाँच कंट्रोल नावाची आणखी एक सोय आहे; शर्यतीच्या आरंभरेषेवरून पुढचे चाक न उचलता सुसाट निघण्यासाठी ती दिलेली असून स्वारगेटच्या सिग्नलवर तिचा उपयोग कोणता, याचा खुलासा पुस्तिकेत नाही. मात्र त्याच यादीत स्वाराने स्वतःवर वेगमर्यादा घालून घेण्याची सोयही आहे. ती ८० वर लावावी, आणि १९० पीएसचा धनी आपल्याच गाडीला वेसण घालून साताऱ्याकडे निघाला आहे हे दृश्य पाहावे.

थांब्यांवर तुलनेत स्थानिक जनता सहभागी होते. पेट्रोल पंपावर, चहाच्या टपरीवर आणि लाल सिग्नलला विचारले जाणारे प्रश्न तीन असून त्यांचा क्रम सहसा बदलत नाही: केवढ्याला पडली, टॉपला किती जाते, आणि ॲव्हरेज किती देते. पहिल्या उत्तराने आदर निर्माण होतो आणि दुसऱ्याने तो वाढतो. तिसरे उत्तर, लिटरला पंधरा-सोळा, ऐकल्यावर प्रश्नकर्त्याच्या चेहऱ्यावर जी खरीखुरी करुणा उमटते ती पाहून अनेक मालक पुढील थांब्यापासून ‘वीस तरी देते’ असे सांगू लागतात. या परीक्षेत दोन्ही गाड्या सारख्याच नापास आहेत. हायाबुसाला मात्र चौथा प्रश्नही येतो, आणि तो ‘फोटो काढू का?’ असा असतो; निंजाजवळ उभ्या असलेल्या मित्राला तो फोटो काढायला सांगितले जाते. ज्यांना गाडी पाहिली जाण्यासाठीच घ्यायची आहे त्यांची तुलना येथेच, कऱ्हाडच्या अलीकडे, संपते.

इतरांची कोल्हापुरात रंगात येते. निंजाची टाकी १९ लिटरची, हायाबुसाची २० लिटरची. पुणे–कोल्हापूर अंतर सुमारे २३० किलोमीटर, म्हणजे दोन्ही गाड्या एका टाकीत मिसळीपर्यंत पोहोचतात. स्वार पोहोचतोच असे नाही. हायाबुसाचे हँडल क्लिप-ऑन प्रकारचे, म्हणजे पुढच्या शॉकअबच्या नळ्यांवर खाली घट्ट बसवलेले दोन स्वतंत्र दांडे असतात, त्यामुळे धड पुढे झुकते आणि मोठ्या वेगात छातीवर येणारा वारा ते धड तोलून धरतो. कायद्याच्या वेगात वारा पुरेसा येत नाही, म्हणून सारे ओझे मनगटांवर राहते. निंजाचे दांडे उंचावर आहेत, समोरची काच चार कोनांत बसवता येते आणि स्वार तुलनेने ताठ असतो. तांबड्या रश्श्याची वाटी कोण हात न थरथरता उचलतो, एवढे पाहिले तरी कोणती गाडी कोणी चालवली ते ओळखता येते.

निपाणी सोडून गाड्या आजऱ्याच्या दिशेने वळतात तेव्हा गतिरोधकांचा प्रदेश सुरू होतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर असावा. गावाने स्वतः घातलेला गतिरोधक या मानकाच्या आधीचा किंवा त्याच्या पलीकडचा असतो. तो अरुंद, उंच आणि तत्त्वनिष्ठ असतो. निंजाचे पोट जमिनीपासून १३५ मिलिमीटर वर आहे, हायाबुसाचे १२५. कागदावर क्षुल्लक वाटणारे हे एक सेंटिमीटर मागे माणूस आणि सामान बसले की पुरते प्रकट होते आणि पोटाखालून आलेला खरखरीत आवाज मालकाला स्वतःच्या पोटात ऐकू येतो. हायाबुसा अशा ठिकाणी तिरकी न्यावी लागते, व तिरकी नेताना सुमारे २६५ किलो वजन तोलावे लागते. निंजा २३८ किलोची आहे आणि हा फरक धावताना जाणवला नाही तरी चालण्याच्या वेगात पदोपदी जाणवतो.

आंबोलीत धुके असते, पावसाळ्यात धबधबे रस्त्याच्या कडेलाच कोसळतात आणि माकडे सामानाची कसून तपासणी करतात. येथे निंजाच्या बाजूच्या पेट्यांचे महत्त्व कळते. प्रत्येकी २८ लिटरच्या या कडक, कुलूपबंद पेट्या वेगळ्या विकत घ्याव्या लागतात, पण प्रत्येकीत पूर्ण तोंडाचे एक हेल्मेट मावते, किंवा दोन दिवसांचे कपडे आणि चिवड्याचा डबा मावतो, आणि माकडाला कुलूप उघडता येत नाही. हायाबुसावर सामान सीटच्या शेपटावर पट्ट्यांनी आवळावे लागते; जेथे सामान आवळायचे तेथेच मागच्या माणसाने बसायचे असल्यामुळे दोघांपैकी एकाची निवड करावी लागते, आणि ही निवड मोठ्याने बोलून दाखवणे हिताचे नसते.

मागची सीट हा या संपूर्ण तुलनेतील निर्णायक आणि जाहिरातींत सर्वांत कमी वर्णिलेला भाग आहे. निंजाची मागची सीट रुंद आहे आणि धरायला दोन्ही बाजूंस कड्या आहेत. हायाबुसाची सीट म्हणजे एसटीच्या टपावरची जागा: उंच, वाऱ्यात आणि पुढे काय चालले आहे याची फारशी कल्पना न देणारी. पत्नी या सीटवर आजऱ्यापर्यंत शांत राहिली तर तिला गाडी आवडली असा अर्थ पती काढतो. सावंतवाडीत चहा घेताना ती ‘उद्या मी बसने येते’ असे म्हणते, तेव्हा १५० न्यूटन मीटरचा युक्तिवाद टिकत नाही.

एक शेवटची परीक्षा मुक्कामी होते. दोन्ही गाड्यांची मागची चाके साखळीने फिरतात आणि लांबच्या प्रवासात, विशेषतः पावसात, त्या साखळीला वरचेवर तेल द्यावे लागते. हंड्रेड सीसीच्या साध्या गाडीला डबल स्टँड असतो. या दोघींना नाही. म्हणून एकाने गाडी हातभर ढकलायची, दुसऱ्याने खाली बसून फवारा मारायचा, पुन्हा ढकलायची, असे चाक पूर्ण फिरेपर्यंत करावे लागते. लॉजच्या उतारावरच्या अंगणात २६५ किलो ढकलल्यानंतर हायाबुसाच्या मालकाने तुलनेविषयी व्यक्त केलेले मत सहसा प्रामाणिक असते.

निर्णय द्यायचा झाल्यास तो असा: दोघांनी, सामानासह, महाराष्ट्रातील खुल्या असलेल्या रस्त्यांवरून प्रवास करायचा असेल तर निंजा ११००एसएक्स घ्यावी, आणि उरलेल्या पैशांतून पेट्या, चांगली जॅकेटे आणि मागच्यासाठीही चांगले हेल्मेट घ्यावे. एकट्याने, सरळ रस्त्यावर, लोकांच्या नजरा झेलत जायचे असेल तर हायाबुसाला तोड नाही. कोणतीही घेतली तरी बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी मागे बसणाऱ्या व्यक्तीला शोरूममध्ये न्यावे, तिला सीटवर बसवावे, आणि शक्य झाल्यास गाडी आपल्या सोसायटीच्या फाटकासमोरच्या गतिरोधकावरून एकदा नेऊन पाहावी.