लाईटचा डिप्लोमा

शिरूर-दौंड पट्ट्यात आता दर दोन वाड्यांमागे एक तरी डिप्लोमावाली सापडते. दौंडकडची सकाळच्या शटलमध्ये, शिरूरकडची एसटीत. पाठीला सॅक, बगलेत ड्रॉइंगशीटची नळी आणि मांडीवर तान्ह्या बाळासारखा जपलेला ड्राफ्टर. पास संपलेल्या दिवशी कंडक्टर म्हणतो, "ताई, तुम्हाला हाफ, पण या हत्याराला फुल लागेल!" मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे; ड्राफ्टरचा जीआर अजून निघायचाय.

दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा, मग डिग्रीला डायरेक्ट सेकंड इयर. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, म्हणजे २०२४च्या सरकारी निर्णयाने तिथलं मुलींचं शिक्षण शुल्कही माफ. तिचा हिशेब असा पक्का. घरच्यांचा नसतो. पाहुणे विचारतात, "पोरगी काय शिकते?" वडील छाती काढून सांगतात, "लाईटचा डिप्लोमा!" ती आतून ओरडते, "इलेक्ट्रिकल!" तेवढ्यात मावशी पिशवीतून मिक्सर काढते.

मग खरी प्रॅक्टिकलं सुरू होतात. आजीचा रेडिओ, चुलत्याचा चार्जर, शेजारच्या काकूंची घरगुती गिरणी. "अहो, मी अजून दुसऱ्याच सेमला आहे." "असू दे गं, उघडून तर बघ!" उघडलेलं परत जुळवताना एक स्क्रू उरतोच. तो गुपचूप सॅकच्या पुढच्या कप्प्यात जातो. सेमगणिक तो कप्पा जड होत चाललाय.

बोलणं मात्र पुस्तकी. भाकरी फुगली नाही की 'हीट लॉस'. आई-आजीचं वाजलं की 'शॉर्ट सर्किट'. एकदा गणितात गचकली. घरी येऊन रडवेल्या आवाजात म्हणाली, "केटी लागली." आजीने लगेच शेजारी जाऊन सांगितलं, "नातीला केटी लागली!" आणि येताना पावशेर पेढे आणले.

घोड-भीमेकाठचा ऊस रात्रीच्या लाईटवर पाणी पितो, आणि त्याच उसात बिबट्या राहतो. वडील एका हातात काठी, दुसऱ्यात बॅटरी, खिशात मोबाईलवर ठणाणा भजन लावून विहिरीवर जायचे. बिबट्याला भजन आवडत नाही, असा त्यांचा अंदाज. तिसऱ्या वर्षी तिने स्टार्टरच्या पेटीत सिमकार्डवालं यंत्र बसवलं. फोन केला की मोटर सुरू. एखादा फेज गेला की आपोआप बंद, म्हणजे वाइंडिंग जळायला नको. या वेळी स्क्रू एकही उरला नाही.

पहिल्या रात्री वडिलांनी गोधडीतूनच फोन लावला. आजीने विचारलं, "उचलला का तिनं?" लांबून पाण्याचा आवाज आला. "लागली!" वडील म्हणाले. "बघ," आजी म्हणाली, "आधी केटी लागली, आता मोटर लागली. पोरीच्या हाताला यश आहे."

परवा पुन्हा पाहुणे आले. "पोरगी काय शिकते?"

"इलेक्ट्रिकल," वडील म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे मी रात्री घरात झोपतो."