सुईचा भार

द्राक्षाचे पैसे आले की पिंपळगाव बसवंतच्या बंगल्यांत काहीतरी नवं येतं. पूर्वी ट्रॅक्टर यायचा, मग मोठी गाडी. आता दिवाणखान्यात सुटकेससारखा रेकॉर्ड प्लेअर यायला लागलाय. पाहुणे आले की झाकण उघडायचं, तबकडी फिरवायची. आवाज कुठून? ब्लूटूथच्या स्पीकरमधून! सुईने खाचेतून काढलेलं गाणं आधी आकड्यांत कोंबायचं, मग हवेतून पाठवायचं आणि वर म्हणायचं, "मोबाइलला ही मजा नाही हो, भाऊ."

बरं, ती सुई तरी? स्वस्तातल्या अशा यंत्राची सुई पाच-सहा ग्रॅमचा भार टाकून बसते. चांगल्या प्लेअरला दीड-दोन ग्रॅम पुरतात. नवी एलपी दोन-अडीच हजारांना. कांद्याला क्विंटलमागे दोन हजार मिळाले असं धरा. म्हणजे क्विंटलभर कांदा देऊन आणलेली तबकडी आपण हौसेने खरवडतो. आणि एलपी म्हणजे तरी काय, पीव्हीसी. बागेतल्या पाइपांची सख्खी बहीण!

खरी धमाल आजोबांच्या 78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्यांची. लाखेच्या, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्यांच्या खाचा रुंद, एलपीची सुई बारीक. ती तळाशी घासत जाते आणि गाण्याआधी खरखर वर येते. त्या खरखरीला आमचे रसिक 'जुना जमाना' म्हणून मान डोलावतात. यंत्रावर 78 छापलंय ना, मग लावायचीच.

मुंबईत 1990 साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली. तिथली मंडळी जुन्या तबकड्या एकत्र बसून ऐकतात, त्यांचा इतिहास जमवतात. आमच्याकडे तबकडी सजावटीला भिंतीवर टांगतात.

त्यापेक्षा ट्रॅक्टरवरचा टेप परवडला. प्रल्हाद शिंदेंची कॅसेट फीत झिजेपर्यंत वाजवणाऱ्यांनी 'अ‍ॅनालॉग'चं नावही काढलं नाही. फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची आणि पुढे ऐकायचं. माझ्या लेखी शौकीन तेच.

तेव्हा प्लेअर घ्यायचाच तर जरा बरा घ्या, स्पीकर तारेने जोडा, 78साठी वेगळी सुई मागा. आणि पत्र्याखालच्या माळ्यावर आडव्या रचलेल्या एलपी उन्हाळ्याआधी खाली आणून उभ्या ठेवा. एकदा वाकल्या की त्या सरळ करणं कठीण.