अण्णांचा कार्बोरेटर

मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेला चाकरमानी सहसा दोनांपैकी एका उद्योगाला लागतो. एक तर देवळाच्या जीर्णोद्धार समितीत शिरतो, नाही तर भावकीच्या सातबाऱ्यात. दोन्हीकडे ज्याची डाळ शिजत नाही, तो होडी घेतो. देवबाग, तारकर्ली, वेंगुर्ले, कुठल्याही खाडीच्या काठी जा, असा एक गृहस्थ भेटतोच. कुठे त्याला नाना म्हणतात, कुठे दादा. आपण सोयीसाठी अण्णा म्हणू.

होडी अण्णा नवी घेतात. फायबरची, निळी-पांढरी, पुढे कुलदेवतेचं नाव. तिच्या पाठीला लावायचं इंजिन मात्र त्यांना जुनंच लागतं. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरचं, दोरी ओढून सुरू करायचं. कंपनीचं नाव एकावर एक दिलेल्या रंगांखाली कायमचं गाडलं गेलेलं. ‘नव्यात नुसतं प्लास्टिक असतं हो. जुन्याचं लोखंड बघा!’ असं म्हणून अण्णा इंजिनावर थाप मारतात. अशा जुन्या आउटबोर्ड इंजिनाचाही मोठा भाग ॲल्युमिनियमचाच असतो, हा विषय त्यांच्यासमोर कोणी काढत नाही.

विकणारा मच्छीमार प्रामाणिक असतो. पैसे मोजून घेतल्यावर, जाता जाता, समुद्राकडे बघत तो एवढंच सांगतो, ‘अण्णानू, जरा ओव्हर होता कधीकधी.’

या ‘कधीकधी’वर अण्णांची पुढची सगळी वर्षं उभी आहेत.

ओव्हर होणं म्हणजे काय, हे कळल्याशिवाय अण्णा कळायचे नाहीत. कार्बोरेटरच्या तळाशी एक वाटी असते आणि वाटीत तरंगणारा फ्लोट. घरच्या फ्लशच्या टाकीतला गोळा जे काम करतो तेच याचं. पेट्रोल चढलं की फ्लोट वर येतो, बोटभरही नसलेल्या एका सुईला वर ढकलतो, सुईचं टोक आपल्या बैठकीत बसतं आणि पेट्रोल थांबतं. सगळा संसार त्या सुईच्या बसण्यावर. टोकाखाली कचऱ्याचा कण अडकला, टोकावर झिजून कडी उमटली किंवा फ्लोटला चीर जाऊन त्याच्याच पोटात पेट्रोल शिरलं, की सुई बसत नाही. मग वाटी भरते, कार्बोरेटर घशातून गळायला लागतो, प्लग भिजून काळे होतात आणि इंजिन दोनदा धाप टाकून गप्प होतं. होडीमागे पाण्यावर रंगीत तवंग पसरतो. पर्यटक त्याचे फोटो काढतात.

हे सगळं अण्णांना माहीत नाही असं समजू नका. मी वर लिहिलं ते त्यांच्याकडूनच ऐकलेलं आहे, आणि त्यात चूक काही नाही. अण्णांना ज्ञानाची कमी कधीच नव्हती. त्यांना इंजिन बरं करायचं नसतं, उघडायचं असतं.

त्यांचं यंत्रशिक्षण झालं ते चेतकवर. 1972 साली बजाजची ही स्कूटर आली आणि मध्यमवर्गातल्या दोन पिढ्या सकाळी इमारतीखाली ती एका अंगावर कलती करून मग किक मारायला शिकल्या. कलती केली की पेट्रोल कार्बोरेटरकडे सरकतं, निदान तशी श्रद्धा होती. तीही टू-स्ट्रोक, हेही टू-स्ट्रोक, तेव्हा अण्णा तोच मंत्र इथे चालवतात. इंजिन रुसलं की पंखा पाण्याबाहेर येईपर्यंत ते उचलतात. आधीच तुडुंब भरलेली वाटी तिरकी होते आणि उरलेलं पेट्रोल होडीच्या तळात उतरतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तिथेच साचून बसते. अण्णांची विडी त्याच वेळी पेटायची असते. काकूंचं सौभाग्य बलवत्तर, एवढंच म्हणायचं.

ओव्हर झालेलं इंजिन सुरू करायची रीत तशी सोपी आहे. टाकीची नळी सोडवायची, चोक पूर्ण उघडा ठेवायचा, रेस पूर्ण द्यायची आणि आतलं जादा पेट्रोल बाहेर पडेपर्यंत दोरी ओढत राहायचं. फारच भिजलं असेल तर प्लग काढून पुसायचे, पण ते बाहेर असताना दोरी ओढायची तर त्यांच्या वायरी इंजिनाच्या अंगाला टेकवून ठेवायच्या, म्हणजे ठिणगी पेट्रोलावर उडत नाही. अण्णा याच्या बरोबर उलट करतात. इंजिन सुरू होत नाही म्हणजे त्याला पेट्रोल पुरत नाही, असा त्यांचा कळवळा. चोक खेचतात आणि नळीतला रबरी फुगा दाबत सुटतात. आजारी माणसाला पेज पाजावी तितक्या मायेने.

तरी खाडीतले हे प्रकार किरकोळच. अण्णांचं खरं वैभव बघायचं तर पावसाळ्यात जावं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. अण्णांनी जन्मात मासळी बाजारातूनच आणली, पण बंदी ते कोणाही ट्रॉलरवाल्यापेक्षा कडक पाळतात. इंजिन खांद्यावरून पडवीत येतं, लाकडी घोडीवर चढतं, खाली पाण्याचं पिंप लागतं. पूर्वी त्या पिंपात तांदूळ असायचे. आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र पसरून अण्णा मांडी घालतात आणि कार्बोरेटर उघडतात. शेजारचे येतात, चहा होतो. ओळीने मांडलेले स्क्रू, पॅकिंग, जेट, फ्लोट. प्रत्येक वस्तू उचलून तिचा परिचय करून दिला जातो. निदान प्रमाण मराठीत, भागांची नावं इंग्रजीत, शिव्या मालवणीत.

फ्लोटच्या बिजागरीची पिन पहिल्याच दिवशी हरवते. ती नेहमीच हरवते. मग काकूंच्या केसांतला आकडा कापून बसवला जातो. जेटचं भोक साफ करायला काकूंचीच सेफ्टी पिन. जेट पितळेचा, म्हणजे मऊ. त्यात टोकदार काही घातलं की भोक मोठं होतं आणि इंजिन कायमचं जास्त पेट्रोल प्यायला लागतं. म्हणून तिथे फवारा मारायचा किंवा हवा मारायची असते. पण हवा मारण्यात हाताला काम काय? अण्णांच्या इंजिनात आज जी भोकं आहेत ती कारखान्याने पाडलेल्यांपैकी राहिलेली नाहीत.

आणि सुई. तिला अण्णा भिंगाखाली धरतात. टोकावरची झिजलेली कडी त्यांना दिसते, आपल्यालाही दाखवतात. इथे कोणीही शहाणा माणूस म्हणेल, सुई आणि तिची बैठक नवी आणा, जोडीनेच आणा, विषय संपला. अण्णा पॉलिश पेपर आणतात. सुई घासतात. गालावर लावून गुळगुळीतपणा बघतात. मग कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या तोंडाने फुंकतात. ही तपासणी मात्र अगदी बरोबर आहे: उलटा धरला की फ्लोटच्या वजनाने सुई बसली पाहिजे आणि फुंकर अडली पाहिजे, सुलटा केला की हवा मोकळी जायला हवी. फुंकर अडत नाही. गालफडं फुगवून अण्णा पुन्हा फुंकतात. पुन्हा अडत नाही. तोंडात आलेलं पेट्रोल थुंकून ते निर्णय देतात, ‘ऑइल कमी पडतंय.’

पेट्रोलच्या लिटरला वीस मिली ऑइल, म्हणजे पन्नासाला एक, हे त्यांना पाठ आहे. पण ‘जुनं हाड आहे, दोन थेंब जास्त’ हा त्यांचा हात ठरलेला. त्या दोन थेंबांनी पिंपातून असा धूर निघतो की आळीतली पोरं डासांचा फवारा मारायला पंचायतीची गाडी आली म्हणून धावत येतात.

या धुरात अण्णा ओले एव्हिनरूडची गोष्ट सांगतात. नॉर्वेत जन्मलेला हा माणूस अमेरिकेत मिलवॉकीला स्थायिक झाला आणि 1909 साली त्याने आपलं आउटबोर्ड इंजिन बाजारात आणलं. गोष्ट अशी सांगतात की तळ्यातल्या बेटावर सहलीला गेले असताना त्याच्या होणाऱ्या बायकोला, बेसला, आईस्क्रीम खावंसं वाटलं. हा वल्हवत किनाऱ्यावर गेला, वल्हवत परत आला, तोवर आईस्क्रीमचं पाणी. त्या रागातून इंजिन जन्माला आलं. पुढे धंद्याची बाजू बेसने सांभाळली आणि वल्ही फेकून द्या, अशी जाहिरातही तिनेच केली. अण्णा ही गोष्ट इतक्या जिव्हाळ्याने सांगतात की ओले त्यांच्या चाळीत राहायला होता असं वाटावं. ‘बायकोसाठी इंजिन काढलान, बघा!’

‘आणि तुमी माझ्यासाठी काय हाडलात?’ काकू आतून विचारतात. ‘भंगार.’

काकूंबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या घरातलं एकमेव अचूक निदान त्यांचं आहे. अण्णांची पेट्रोलची टाकी अंगणात, भर उन्हात असते. तिच्या झाकणावर हवेचा एक छोटा स्क्रू असतो. इंजिन चालताना तो उघडा हवा, नाही तर पेट्रोल ओढलं जात नाही. अण्णांनी तो केव्हातरी आवळला, पेट्रोल उडून जातं म्हणून. बंद टाकी उन्हात तापते, आत दाब चढतो आणि नळी इंजिनाला जोडलेली असेल तर तो दाब चांगल्या सुईलासुद्धा दाद देत नाही. पेट्रोल वाटीत घुसतंच. ‘ती टाकी उनात कित्याक ठेवलात?’ काकू वाळवण गोळा करताना म्हणाल्या. ‘कशी फुगली ती, दिसणा नाय तुमका?’

अण्णांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं आणि फ्लोटची पट्टी आणखी थोडी वाकवली.

तीच गत गावातल्या पोरांची. खाडीत रोज इंजिन चालवणारा एखादा तिशीतला पोरगा येतो, चप्पल काढून बसतो, रबरी फुगा चार वेळा दाबतो. सुई धड असेल तर फुगा दगडासारखा घट्ट व्हायला हवा. ‘अण्णानू, फुगो घट्ट होणा नाय. सुई गेली. किट हाडा, मी अर्ध्या तासात बसवतंय.’ आणि उठता उठता, ‘पंपाचो पडदोपण एकदा बघा.’ हे तर फारच मार्मिक. पेट्रोल पंपातला पातळ पडदा फाटला की पेट्रोल थेट इंजिनाच्या पोटात जातं. कार्बोरेटर निर्दोष असतो आणि शिक्षा मात्र त्याला होते.

‘मेल्या, तुझ्या जन्माआधीपासून मी कार्बोरेटर उघडतंय!’

हे खरं आहे. उघडतायत. बंद केलेला कोणी पाहिलेला नाही.

अलीकडे अण्णांना एक नवा शत्रू सापडला आहे, आणि त्यात त्यांची बाजू काही अगदीच लंगडी नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जुन्या काळच्या नळ्या, पॅकिंग आणि रबरी टोकं त्यासाठी केलेली नव्हती; ती फुगतात, मऊ पडतात, त्यांचे कण सुटतात आणि नेमके सुईखाली जाऊन बसतात. फार जुन्या इंजिनांत बुचाच्या लाकडाचे, लाखेचा हात दिलेले फ्लोट असत. लाख विरघळली की बूच पेट्रोल पितं आणि तरंगायचं विसरतं. तेव्हा नळ्या बदलणं, गाळणी बसवणं, इंजिन ठेवून देताना वाटी रिकामी करणं, हे आता चैनीत मोडत नाही. अण्णा यातलं एकही करत नाहीत. ते पंतप्रधानांना पत्र लिहितात. मसुदा चांगला असतो.

पण अण्णा मूर्ख आहेत, असं मला म्हणायचं नाही. ज्याने जन्मभर कुठल्याशा कचेरीत दुसऱ्याने उघडलेल्या फायली पुढे सरकवल्या, त्याला म्हातारपणी स्वतःच्या हाताने उघडता येईल असं काहीतरी हवं असतं. सातबाऱ्यात शिरलेले त्यांचे जोडीदार भावाशी बोलत नाहीत. समितीत गेलेले हिशेब देत फिरतात. अण्णांनी कोणाचं काही बिघडवलं नाही, एक इंजिन सोडून. आणि गंमत अशी की नारळी पौर्णिमेच्या सुमाराला, घासलेल्या सुईने, केसांच्या आकड्याने आणि मोठ्या झालेल्या भोकांनी ते इंजिन एकदा तरी पेटतं. खोकत, धूर सोडत, तवंग पसरत, पण चालतं. कारण साधं असतं. त्या दिवशी आभाळ भरलेलं असतं आणि टाकी तापलेली नसते. अण्णा वळून काकूंकडे बघतात. काकू काही बोलत नाहीत; संसार टिकवायच्या त्यांच्याही काही रीती आहेत.

तेव्हा कर्लीच्या खाडीत कधी अण्णांनी तुम्हाला फेरी मारायला बोलावलं, तर जरूर जा. गोष्टी चांगल्या ऐकायला मिळतात, काकू बरोबर सोलकढी देतात. इंजिनाबद्दल काही विचारू नका, विचारलंत तर तिथेच उघडून दाखवतील. टाकी सावलीत आहे ना आणि तिच्यावरचा हवेचा स्क्रू मोकळा आहे ना, एवढं त्यांची पाठ वळली की हळूच बघून घ्या. विडी काढली तर काड्यापेटी मागून घ्या आणि विसरल्यासारखं करून खिशात टाका. आणि होडीत पाय ठेवायच्या आधी वल्ही मोजा. दोन हवीत. एकाने होडी गोल फिरते.