क्रांती किती लेट आहे?

आपल्याकडे क्रांतीचं तिकीट काढता येतं. 'ऑगस्ट क्रांती' राजधानी मुंबईहून दिल्लीला निघते, गोव्याची 'संपर्क क्रांती' मडगावहून चंदीगडला, आणि पाटण्याची तर 'संपूर्ण क्रांती'च आहे. १९४२ च्या ऑगस्टात गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव घुमला किंवा ५ जून १९७४ ला जयप्रकाशांनी पाटण्याच्या गांधी मैदानावर संपूर्ण क्रांतीची हाक दिली, तेव्हा या शब्दाबरोबर पुढे उशी-पांघरूणही मिळेल असं कुणाच्या मनात आलं नसेल. आता फलाटावर "क्रांती किती लेट आहे हो?" असं कुणी विचारलं, तर शेजारचा मान वळवूनही बघत नाही.

मुळात हा शब्द एवढा तापट नव्हताच. आपल्या ज्योतिर्गणितात सूर्याची क्रांती म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासून तो उत्तरेला किंवा दक्षिणेला किती सरकला ते. साडेतेवीस अंशांच्या आसपास जातो, थबकतो आणि माघारी फिरतो. पुष्कळ राजकीय क्रांत्यांचा हिशेबही एवढाच भरतो. फरक इतकाच, की सूर्याची परतीची तारीख पंचांगात आधी छापलेली असते.

मग क्रांतीला रंग चढले. अमेरिकेच्या परदेश-मदत खात्याचे प्रमुख विल्यम गॉड यांनी १९६८ साली धान्याच्या भरघोस पिकांना हरितक्रांती म्हटलं, तेही लाल क्रांतीशी गल्लत नको म्हणून. पाठोपाठ दुधाची धवल, माशांची नील, तेलबियांची पीत. स्पर्धा परीक्षेची पोरं हे रंग घोकतात, कारण एखाद्या मार्कावरून तहसीलदारकी हुकते.

जिथे क्रांती परवडत नाही तिथे कायापालट. हा खास नगरसेवकांचा शब्द. प्रभागाचा कायापालट म्हणजे धडधाकट पेव्हर ब्लॉक उखडून नवे बसवायचे आणि कोपऱ्यावर सेल्फी पॉइंट उभारायचा. फ्लेक्सवरचे चेहरे तेवढे तेच. 'आमूलाग्र बदल' त्याहून वरच्या दर्जाचा, त्याला समिती लागते. मुळापासून शेंड्यापर्यंत असा त्याचा अर्थ, पण समिती बहुधा शेंड्याकडून सुरुवात करते आणि मुळाशी पोचायच्या आत तिची मुदत संपते.

खरोखर काही उलथंपालथं होतं तेव्हा मात्र माणसं दोन शब्दांत उरकतात. नळ आला. लाइट आली. गॅस आला. आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मावशींना मी मोठ्या गांभीर्याने विचारलं, "तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं परिवर्तन कोणतं?"

"परिवर्तन? ते पडलं की," मावशी म्हणाल्या. "सोसायटीवर शेतकरी पॅनेल आलं."

मी प्रश्न जमिनीवर आणला. त्यावर त्यांना आठवायची गरजच पडली नाही. "गावात गिरण आली ते." त्याआधी कोंबडं आरवायच्या आत उठून जातं ओढायचं, खुंटा धरून तळहाताला घट्टे, आणि घरात खाणारी तोंडं डझनभर. गिरण आली, दळणाचा डबा पोराच्या डोक्यावर गेला आणि पहाटेची झोप बाईच्या वाट्याला आली.

"पण जात्याबरोबर ओव्याही गेल्या ना, मावशी?" लोकसाहित्याच्या पुस्तकात शोभेल अशा सुरात मी हळहळलो.

"जाईनात का," त्या म्हणाल्या. "झोप येऊ नये म्हणून तर म्हणायचो."